स्टिअरिंग जड झालं, म्हणजे नेमकं काय झालं?



मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आम्हाला गाठलं आणि म्हणाले, "सर, डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे पटलं. पण आम्हाला या डोंगराचं करायचं काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज डोंगर बाजूला ठेवू आणि एक जुनी पिकअप गाडी घेऊ. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला पिकअप समजावून सांगावी लागत नाही. केळी, कापूस, कांदा, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्याच गाडीत जातं.

आमचा एक जुना विद्यार्थी चोपडा तालुक्यातला. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाला आणि पोटासाठी पिकअप चालवू लागला. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. केळी भरायची, चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढायचा आणि संभाजीनगरला माल उतरवायचा, हा त्याचा धंदा. एके दिवशी तो घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "सर, वीस हजार मिळतील का? स्टिअरिंग बॉक्स बदलायचाय."

हकीकत अशी. दोन महिन्यांपूर्वी घाटात, भरल्या गाडीनिशी, एका वळणावर स्टिअरिंग अचानक जड झालं. अंगाचा जोर लावून त्याने गाडी वळवली, पण कठड्याच्या अगदी जवळून. गॅरेजमध्ये दाखवली. "पंप गेला" म्हणून सांगितलं. जुना दुरुस्त केलेला पंप सहा हजारांत बसवला. पंधरा दिवस स्टिअरिंग लोण्यासारखं चाललं. मग पुन्हा जड. पुन्हा गॅरेज. आता म्हणे बॉक्स गेलाय. बायकोची पोत आधीच गहाण होती.

आम्ही काही मिस्त्री नव्हे. पण "पंप गेला" आणि "बॉक्स गेला" ही दोन वाक्यं ऐकली आणि आमच्या मनात आलं, ही अनुमानं आहेत. त्यांचा हेतू काय? म्हणजे कशावरून? पैसे द्यायचे की नाही ते मागाहून ठरवू, आधी हे विचारू.

स्टिअरिंगमध्ये जोर येतो कुठून

प्रश्न नीट विचारायचा तर यंत्र थोडं समजायला हवं. जुन्या पिकअपमध्ये जे पॉवर स्टिअरिंग असतं ते तेलाच्या दाबावर चालतं. कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1926 साली आपल्या गाडीत ती चालवून दाखवली होती; बाजारातल्या मोटारीत ती आली 1951 साली, क्रायस्लर कंपनीच्या इम्पिरिअल गाडीत.

तिचे भाग मोजके. एक तेलाचा डबा. त्याच्याखाली पंप, जो इंजिनाच्या जोरावर फिरतो, बहुतेक गाड्यांत पट्ट्याने. डब्यातून पंपाकडे तेल नेणारी जाडसर रबरी नळी, तिला सक्शन नळी म्हणतात. पंपातून स्टिअरिंग बॉक्सकडे दाबाचं तेल नेणारी प्रेशर नळी. आणि बॉक्समधून डब्यात तेल परत आणणारी रिटर्न नळी.

बॉक्समध्ये एक बारीक सळई असते. आपण स्टिअरिंग फिरवतो, चाकं रस्त्याला घट्ट बसलेली असतात, म्हणून ती सळई किंचित पिळली जाते. त्या पिळाने एक व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल डाव्या किंवा उजव्या बाजूला सोडतो. ते तेल दट्ट्याला ढकलतं आणि चाकं वळवायला मदत करतं. गाडी सरळ चालली असेल तेव्हा तेल नुसतं फिरत राहतं, जोर लावत नाही. वळवताना मात्र दाब चढतो. आपण मोटारीच्या चाकात तीस-चाळीस पाउंड हवा भरतो. हा पंप गरज पडली की हजार पाउंडांच्या वर दाब देतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही फक्त मदत आहे. स्टिअरिंग आणि चाक यांचा लोखंडी सांधा कायम असतो. पंप पूर्ण बंद पडला तरी गाडी वळते, फक्त ताकद लागते. मग धोका कशात? मदत वळणाच्या मध्येच निघून जाण्यात. हात ज्या जोराची सवय करून बसलेत तो पुरत नाही, आणि हे कळेपर्यंत अर्धं वळण निघून गेलेलं असतं.

तापीचा पूर आणि न्यायसूत्र

आता आपल्या विषयाकडे. न्यायदर्शनात कार्यावरून कारण ओळखण्याला 'शेषवत्' अनुमान म्हणतात आणि त्याचं नेहमीचं उदाहरण नदीचं. नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असं समजावं. भुसावळला तापी फुगली की आपण म्हणतोच, वर मेळघाटात पाऊस झाला असणार.

पण न्यायसूत्रांतच यावर आक्षेप घेतलेला आहे. आक्षेप घेणारा म्हणतो, नदी कोणी बांध घातला तरी फुगते. मग फुगलेल्या नदीवरून पाऊस कसा सिद्ध होईल? धरणाच्या काठी राहणाऱ्या माणसाला हा आक्षेप लगेच कळतो.

त्याला जे उत्तर दिलंय ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. उत्तर असं की, आम्ही 'नुसत्या' फुगण्यावरून अनुमान करतच नाही. पावसाच्या पुराचं फुगणं वेगळं असतं. धार वेगाने वाहते, पाण्यावर फेस असतो, फळं, पानं, लाकडं वाहत येतात. असं फुगणं बघूनच पाऊस म्हणायचा. बांधाने फुगलेलं पाणी संथ असतं. म्हणजे चूक अनुमानाची नव्हती. ज्याने नुसतं 'फुगलेलं पाणी' पाहिलं आणि पुढे बघितलं नाही, त्याची होती.

स्टिअरिंगचं तेच आहे. 'स्टिअरिंग जड' ही नुसती फुगलेली नदी. तिच्यावरून पंप म्हणता येत नाही आणि बॉक्सही म्हणता येत नाही. कसं जड, केव्हा जड, कुठल्या बाजूला जड, जड होताना कसला आवाज येतो, हे सांगितलं की मग ती खूण होते.

विचारायचे प्रश्न

त्या दिवशी आम्ही जे विचारलं आणि पुढे एका जाणत्या मिस्त्रीकडून जे शिकलो, ते क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न: गाडीच जड आहे की स्टिअरिंग? पुढच्या चाकांत हवा कमी असेल तरी स्टिअरिंग जड लागतं. ही तपासणी जवळजवळ फुकट असते, आणि नेमकी तीच राहून जाते. नंतर गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढची चाकं जॅकने उचलून खाली पक्के स्टँड द्या आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश फिरवा. थोडा जोर लागेलच, कारण आतलं तेल ढकलायचं असतं. पण तो सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्येच अडकत असेल तर दोष तेलाचा नाही. किंगपिन किंवा बॉल जॉइंट ग्रीसविना सुकलेत, नाहीतर स्टिअरिंग रॉडचा क्रॉस गंजलाय. अशा गाडीला तीन पंप बदलले तरी उपयोग शून्य.

दुसरा प्रश्न: दोन्ही बाजूंना जड की एकाच? हा प्रश्न आमच्या विशेष आवडीचा. पंपाला डावं-उजवं कळत नाही. तो नुसता दाब देतो. वाटणी बॉक्समधला व्हॉल्व्ह करतो. म्हणून डावीकडे हलकं आणि उजवीकडे जड असेल, तर आधी दोन्ही चाकांची हवा आणि अलाइनमेंट बघायची, आणि ती ठीक निघाली तर संशय बॉक्सवर घ्यायचा. पंप त्यातून सुटतो.

तिसरा: उभ्या गाडीत जड आणि रेस दिली की हलकं, असं होतं का? तसं असेल तर पंपाकडून पुरेसं तेल येत नाही. पण थांबा, याचाही अर्थ लगेच 'पंप गेला' नव्हे. पट्टा सैल असेल, गुळगुळीत होऊन घसरत असेल, तरी हेच होतं. पट्टा घसरतो तेव्हा पूर्ण वळवताना, ज्याला ड्रायव्हर फुल कट म्हणतात, कर्कश्श चिरकतो. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबून बघा; साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, फार लोंबला तर ताणून घ्या. इंजिनाचं स्लो फार कमी ठेवलं असेल तरी पंप मंद फिरतो.

चौथा: थंड असताना जड की तापल्यावर? सकाळी जड आणि दहा मिनिटांनी ठीक, हे बऱ्याचदा बॉक्सच्या आतल्या सीलची झीज दाखवतं. उलट सकाळी ठीक आणि तासाभराने जड, तर तेल तापून पातळ झाल्यावर कुठेतरी दाब निसटतोय, झिजलेल्या पंपात किंवा बॉक्समध्ये; किंवा तेलात हवा मिसळतेय. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. बॉनेटखाली काय होत असेल, कल्पना करा. तिथे रबर फार लवकर म्हातारं होतं.

पाचवा: तेल कसं आहे? किती आहे एवढंच बघायचं नाही. पातळी कमी असेल तर टाकून मोकळं व्हायचं नाही, कारण हे तेल इंजिनात जळत नाही. ते कमी झालं म्हणजे बाहेर गेलं. कुठून गेलं ते शोधायचं. रंग काळपट, वास करपल्यासारखा असेल तर तेल संपलंय. बऱ्याच गाड्यांच्या डब्यात गाळणी असते, तीही गाळाने भरलेली असू शकते. आणि तेलावर फेस असेल तर त्यात हवा जातेय. तेल दाबलं जात नाही, म्हणून ते जोर पोचवतं. हवा दाबली जाते. फेसाळ तेलाने दट्ट्या ढकलणं म्हणजे उशीवर हात टेकून उठण्यासारखं.

सहावा प्रश्न, जो सहसा कोणी विचारत नाही: मागच्या दुरुस्तीत नेमकं काय काय केलं?

उपाधी कुठे लपली होती

आमच्या विद्यार्थ्याची उत्तरं अशी होती. चाकात हवा ठीक. दोन्ही बाजूंना सारखंच जड. तासभर चालल्यावर, हळू वेगात. सोबत गुरगुरल्यासारखा आवाज. तेल कमी होत नाही, "उलट सर, गाडी बंद केली की डब्यात तेल वर आल्यासारखं दिसतं."

हे शेवटचं वाक्य त्याने जाता जाता सांगितलं. सगळं त्यात होतं, पण ते आमच्याही तेव्हा ध्यानात आलं नाही.

आम्ही अडलो होतो ते वेगळ्या ठिकाणी. पंप बदलला आणि पंधरा दिवस बरं वाटलं. मग पंपच दोषी होता ना? गॅरेजवाल्याचं म्हणणंही हेच होतं की पंप खराब होता म्हणून तर फरक पडला. आता बॉक्सही गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, तसं तर नव्हतं?

नैयायिक इथे 'उपाधी' शोधतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. धूर ओल्या सरपणाने होतो. ओलं सरपण ही उपाधी. आपण अग्नीला श्रेय देतो आणि काम सरपणाने केलेलं असतं. तर पंप बदलताना 'ओलं सरपण' कोणतं होतं? पंप काढायचा तर तेल काढावं लागतं, म्हणजे नवं तेल भरलं गेलं. आणि सक्शन नळी काढून पुन्हा बसवावी लागते, म्हणजे तिची क्लिप नव्याने आवळली गेली. तीन गोष्टी बदलल्या होत्या. श्रेय एकीलाच मिळालं, कारण बिल तिचं मोठं होतं.

मिस्त्रीने काय केलं

आम्ही त्याला घेऊन धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. आम्ही आमची सगळी मांडणी सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली, डब्याचं झाकण उघडलं, बॅटरीचा उजेड टाकला आणि अहिराणीत एवढंच म्हणाला, "फेस कथाईन उना, ते पहिले देखा." फेस कुठून आला ते आधी बघा. न्यायसूत्रावरच्या भाष्यातला नदीचा फेस आमच्या डोळ्यांसमोर आला, खरं सांगतो.

तेल दुधाळ कॉफीसारखं झालं होतं. गाडी बंद केल्यावर ते वर का यायचं, हेही तेव्हा उलगडलं. आत अडकलेली हवा फुगायची आणि तेलाला वर ढकलायची.

मग गळती का नव्हती? कारण सक्शन नळीत दाब नसतो, ओढ असते. तिथे बारीक चीर असेल तर चालू गाडीत तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, म्हणून कोणाला शंका नाही.

मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून, पट्टा आणि पंख्यापासून हात लांब ठेवत, ब्रशने नळीच्या सांध्यावर तेल लावलं. गुरगुर पडली. सांधा पुसला, थोड्या वेळाने गुरगुर परत आली. पुन्हा लावलं, पुन्हा पडली. तेल आहे तेव्हा आवाज नाही, तेल नाही तेव्हा आवाज आहे. अन्वय आणि व्यतिरेक एका ब्रशने सिद्ध झाले. नळी काढून वाकवली तर टोकाला चिरा पडलेल्या. रबर बोटाने मोडावं इतकं कडक.

नवी नळी आणि दोन क्लिपा मिळून काही शे रुपये. डबा धुतला. डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच तेल भरलं. हवा काढायला पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवलं, मध्ये मध्ये तेल घातलं. मग इंजिन चालू करून फेस येत नाही हे बघितलं.

पण मिस्त्री इथे थांबला नाही, आणि हे आम्हाला सर्वात आवडलं. म्हणाला, आता बॉक्सचंही बघून घेऊ, मनात किंतू नको. पंप आणि बॉक्स यांच्यामध्ये त्याने दाबाचं गेज आणि एक बंद करायचा व्हॉल्व्ह जोडला. इंजिन चालू. व्हॉल्व्ह क्षणभर बंद केला, पाच सेकंदांच्या आत उघडला. जास्त वेळ बंद ठेवला तर पंपच जळेल. काटा कंपनीने सांगितलेल्या आकड्यापर्यंत चढला. म्हणजे पंप चांगला. मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवलं, काटा तितकाच चढला, दोन्ही बाजूंना. म्हणजे बॉक्सही चांगला. पहिल्या वेळी चढला आणि दुसऱ्या वेळी चढला नसता, तरच बॉक्स दोषी ठरला असता. पहिल्याच वेळी चढला नसता, तर पंप. वीस हजारांचा निर्णय या पाच मिनिटांच्या तपासणीवर होता, आणि ती आधी कोणी केलीच नव्हती.

पहिला पंप खरंच खराब होता का?

हा प्रश्न उरतो. मिस्त्रीचं उत्तर, "असेलही." फेसाळ तेल ओढून ओढून पंप आतून खरवडला जातो. म्हणजे गॅरेजवाला खोटं बोलला असं आम्ही म्हणत नाही. पंप झिजलेला असेल. पण तो गुन्हेगार नव्हता, तोही जखमीच होता. जखमी बदलला आणि मारणारा जागच्या जागी राहिला, तर दुसराही जखमी होणार. बिघडलेला भाग सापडला म्हणजे बिघाडाचं कारण सापडलं, असं नसतं. हे वाक्य गाडीपुरतं नाही, पण आज गाडीपुरतंच ठेवू.

काही सूचना सांगून थांबतो. फुल कटवर स्टिअरिंग दाबून धरू नका; चार-पाच सेकंद पुरे. चालू इंजिनात प्रेशर नळीवर बोट फिरवून गळती शोधू नका. बारीक भोकातून निघालेलं दाबाचं तेल कातडीत घुसतं. ते तेल गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडलं तर पेट घेऊ शकतं. आणि जी गाडी वळणात एकदा जड झालीय, ती कारण सापडेपर्यंत भरून घाटात नेऊ नका. भाडं बुडेल ते बुडेल.

आता दोन मिनिटं प्रश्नांसाठी. हो, तुम्ही बोला.

"सर, प्रत्येक मिस्त्रीला एवढे प्रश्न विचारले तर तो गाडीला हात लावेल का?"

(हशा) सगळे विचारू नका. एकच विचारा, आणि अदबीने विचारा: "दादा, हाच भाग गेलाय हे कशावरून?" जाणता असेल तर तो रागावत नाही, दाखवतो. आपल्या खानदेशात अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. 'कशावरून?' या प्रश्नावर तिथे पुष्कळ विचार झाला आहे. तोच प्रश्न बॉनेट उघडून विचारायला हरकत नाही.

आणि हो, त्या विद्यार्थ्याचं राहिलं. वीस हजार त्याने नेले नाहीत. पोत सोडवायला थोडे कमी पडत होते, तेवढे मात्र नेले.